खुब्याचं हाड

"हा तुकडा माझा नाही," उमसुनाय म्हणाली.

जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या दस्तरखानाभोवतीचे सतरा पुरुष चावायचे थांबले. तिच्या पुढ्यात मेंढीच्या छातीचा तुकडा होता. किर्गिझ गावात कुणापुढे कुठलं हाड ठेवायचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. खुब्याचं हाड सर्वांत मानाच्या माणसाला, नळी त्याखालच्याला, छाती पोरीबाळींना नि जावयांना. उमसुनाय चोपन्न वर्षांची होती आणि चार वर्षं गावप्रमुख. अख्ख्या खोऱ्यातली पहिली बाई. त्याआधी वीस वर्षं तिने मेंढ्यांना सुया टोचल्या होत्या. तिला हाडं शिकवायची गरज नव्हती.

"मटण ते मटण," म्हातारा कालमुर्झा दाढी पुसत म्हणाला. त्याच्याच बापाला जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. "खा, पोरी. का तेही पचत नाही?"

हशा पिकला.

मग तिला खुब्याचं हाड दिसलं. ते कालमुर्झाच्या भाच्यापुढे होतं, सादिरपुढे. एकतीस वर्षांच्या या गड्याने आयुष्यात दोनदा ट्रॅक्टर उलटा केला होता, दुसरं काही नाही. उमसुनायला सगळं उमगलं. तिला गावप्रमुखपदावरून काढायचं गावसभेचं मतदान दुपारी तीनला होतं, पण निकाल या वाफाळत्या परातीतून आधीच वाढून झाला होता.

गुन्हा काय तिचा? कालमुर्झाने जर्दाळूच्या बागेसाठी गावच्या पाटाच्या दारावर स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. ते तिने तोडलं आणि खालच्या आळीतल्या चाळीस घरांना पाणी दिलं. एवढंच. चोरी केली असती तर या लोकांनी माफ केलं असतं.

गावसभेतला खालच्या आळीचा सदस्य जेनबेक शेजारीच बसला होता. आजवर तिच्या बाजूचा. त्याच्यापुढे नळी होती.

"तुला नळी कधीपासून रे?"

"एजे," थोरल्या बहिणीला हाक मारतात तसं तो म्हणाला, "वाढणाऱ्याने ठेवली. मी काय करू?"

"तुझी पोरं माझ्यामुळे आंघोळ करतात."

"पाणी अल्लाचं आहे," सादिर मध्येच बोलला.

"आणि कुलूप? ते तुझ्या मामाचं होतं ना?"

"बाईला पुरुषांच्या पंगतीत बसवलं, तीच चूक झाली," कालमुर्झा गुरगुरला.

तिने तो तुकडा उचलला. दाराशी चहाची किटली घेऊन कालमुर्झाची सून उभी होती, तिच्यापुढे धरला. "घे. तुमच्या रिवाजाने हा तुझा."

सुनेने सासऱ्याकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

तीनला हात वर झाले. अकरा लागत होते. दहा ताठ होते. जेनबेकचा जेमतेम कानापर्यंत गेला.

"नीट वर कर," उमसुनाय म्हणाली. "मोजायला त्रास होतो."

त्याने केला.

मंगळवारी खालच्या आळीची पाण्याची पाळी. पाटाच्या दारावर नवं कुलूप आणि राखणीला नव्या गावप्रमुखाचे, सादिरचे, दोघे गडी. उमसुनाय पहाटेच फावडं घेऊन गेली आणि दाराला वळसा घालून चर खणायला लागली.

"एजे, दमशील," एकजण दात काढत म्हणाला. "चहा आणू?"

उजाडलं. खालच्या आळीत दारं उघडली, बादल्या वाजल्या. उंबऱ्यांत बायका उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे नवरे. पाटाकडे कुणी आलं नाही. माती दगडासारखी झाली होती. उमसुनायने डोक्याचा रुमाल सोडला, कमरेला आवळून बांधला आणि पुन्हा फावडं मारलं.