वाळ्याच्या दोन कुप्या

एकोणीसशे अडुसष्ट साल. त्या वर्षी बाबांनी आईच्या हातचं खाणं सोडलं.

भांडण काही नव्हतं. बाबांचे डोळे आधीच गेले होते, मग ते माणसंही विसरायला लागले. आई त्यांच्यापुरती उरली होती ती फक्त वासाने. लग्नापासून ती वाळ्याचं अत्तर लावायची. तो वास जवळ आला की बाबा तोंड उघडत. कुपी संपली आणि ते म्हणू लागले, "बाई, तुम्ही कोण? आमच्या हिला पाठवा." पुढे तोंड घट्ट बंद.

डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर दवाखान्यात न्यावं लागेल. नाकातून नळी घालू."

आईने मला बरोबर घेऊन अत्तराचं दुकान गाठलं. म्हातारा अत्तरवाला गेला होता, आणि त्याच्या मुलांनी दुकानात मधोमध भिंत घातली होती. थोरला म्हणाला, "अस्सल आमच्याकडेच, काकू." धाकटा म्हणाला, "त्याला वाळा आणि गवत यातला फरक तरी कळतो का?"

"तुमच्या वाटण्यांत माझ्या नाकाला कशाला ओढता?" म्हणत आईने दोघांकडून एकेक कुपी घेतली.

घरी आम्ही हुंगून हुंगून बधिर झालो. एक जरा मातकट, दुसरी जरा हिरवट. पुन्हा हुंगावं तर दोन्ही सारख्याच. शेवटी आईने एकेका मनगटावर एकेक लावलं आणि चमचा पुढे केला.

बाबांनी मान फिरवली. "या दोघी कोण आल्यात?"

आई स्टुलावर मटकन बसली. "मी एक चालत नव्हते, आता दोन झाले," म्हणाली. हसली आणि चमचा खाली ठेवला.

संध्याकाळी मावशी आली. आईने जुनी म्हणून दिलेली शाल तिच्या अंगावर होती. आई रिकाम्या कुप्या कपड्यांच्या पेटीत टाकायची, आणि त्या पेटीत ही शाल वर्षानुवर्षं पडून होती. मावशी उशी सारखी करायला वाकली, तर बाबांनी शालीचं टोक धरलं.

"किती उशीर केलास!"

"अहो भावोजी, मी—"

आईने तिला डोळ्यांनी गप्प केलं. साबणाने मनगटं धुतली, शाल स्वतःच्या अंगावर घेतली आणि चमचा भरला. बाबांनी वाटीभर सूप घेतलं.

"मीठ कमी आहे," म्हणाले.

"ताजं अत्तर म्हणजे नवी सून," आई मला नंतर म्हणाली. "मुरायला वेळ लागतो." तिने त्या दोन्ही कुप्यांतलं थोडं थोडं वेगवेगळ्या फडक्यांवर शिंपडून फडकी पेटीत ठेवली. मुरल्यावर निवडू, म्हणाली.

तेवढा वेळ मिळाला नाही. थंडी सरायच्या आत बाबा गेले. नळी मात्र लागली नाही. भावांची दोन्ही दुकानं बंद पडली, भिंत पाडून तिथे शिंप्याने मशिनं मांडली. आईने पुन्हा अत्तर लावलं नाही. मावशी शेवटपर्यंत कुरकुरत राहिली, "दिलेली शाल परत घेणारी बहीण माझ्याच नशिबी!"

आई गेल्यावर पेटी माझ्याकडे आली. फडकी छान मुरली आहेत. निवडायची कुठली, ते अजून ठरत नाही.