वारा पडेपर्यंत

बोटीच्या फळीवर पाय ठेवण्याआधी फुंगम्हाताऱ्याने चपला काढल्या, एकमेकींवर ठेवल्या आणि काखेत मारल्या. मागे हनोईहून आलेली मंडळी टोप्या-गॉगल घालून उन्हात ताटकळत होती. सहलीबरोबर जाणारी पोरगी, त्राम तिचं नाव, हसत पुढे आली.

"आजोबा, चपला चालतात हो बोटीवर."

"तुमच्या चालत असतील," फुंग म्हणाला. "माझ्या बापाने होडीच्या तोंडावर कुणाला चपला घालून चढू दिलं नाही. पोलीस आला होता एकदा, त्यालाही नाही."

त्याच्या बायकोने, सिमने, मागून त्याच्या पाठीला हात लावला. "चढा आता. माणसं खोळंबलीत."

तो चढला, आणि सिमच्या लक्षात आलं की त्याने कठड्याला हात लावला नाही. घरी दोन पायऱ्या उतरायला त्याला भिंत धरावी लागे. इथे बोट डुलत होती आणि हा गडी सरळ चालत पुढच्या टोकाला जाऊन उभा राहिला. तिच्यामागे मुलगा खिएम चढला. त्याच्या हातात तिघांची तिकिटं होती आणि चेहऱ्यावर दिवस वाया चालल्याचा भाव.

सहल सिमच्याच हट्टाने निघाली होती. हालाँगच्या आखातातलं त्यांचं पाण्यावरचं, तराफ्यांचं गाव उठून किनाऱ्यावरच्या वसाहतीत आलं त्याला दहा वर्षं होऊन गेली. सरकारने घरं दिली, पोरांना मोठी शाळा मिळाली, नळाला पाणी आलं. फुंगनेही पहिली काही वर्षं कुरकुर करत का होईना, निभावलं. मग त्याच्या डोक्यातल्या गाठी एकेक करून सुटायला लागल्या. रोज संध्याकाळी तो उठे आणि म्हणे, "चला, उशीर झाला, घरी जाऊ." आणि चालू लागे, थेट बंदराकडे. दोनदा रिक्षावाल्यांनी आणून सोडला. मागच्या आठवड्यात तो कोळशाच्या धक्क्याखाली गुडघाभर पाण्यात सापडला, होडी शोधत होता. खिएम त्याच दिवशी बाजारातून मोठं कुलूप घेऊन आला.

"माणसाला कोंडणार तू? बापाला?" सिमने विचारलं होतं.

"लहानपणी तू मला दोरीने खांबाला बांधायचीस, आई. पोहायला येईपर्यंत. मी बुडू नये म्हणूनच ना?"

पाण्यावरच्या प्रत्येक आईने पोराच्या कमरेला दोरी बांधलीच होती. तिने एवढंच मागितलं, की एकदा त्यांना तिथे नेऊन दाखवू. गाव उरलं नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं की थांबतील. खिएम कबूल झाला, पण त्यानेही अट घातली. त्यानंतर एकदा जरी ते बंदराकडे निघाले, तर त्याच संध्याकाळी फाटकाला कुलूप. त्यांची स्वतःची होडी कधीच विकली गेली होती, म्हणून मग ही परक्यांबरोबरची सहल.

बोट सुटली. डोंगर दोन्ही बाजूंनी सरकू लागले, चुनखडीचे उभे कडे, कमरेला भरतीची काळी रेघ आणि डोक्यावर झुडपांचं जंगल. त्राम ध्वनिक्षेपकातून नावं सांगत होती. हा कोंबडा आणि ही कोंबडी. ही धूपदाणी. हनोईकर फोन उंचावून फोटो काढत होते.

"कसली कोंबडी?" फुंग सिमच्या कानाशी लागला. "ही तर भांडखोर सासू. हिच्या पाठीमागे कायम उलटा ओढा असतो."

"हळू बोला."

"आणि ती धूपदाणी म्हणे! तिच्या पोटात माकुळ किती मिळायचे, आठवतं? तू पोटुशी होतीस, आणि तुला भाजलेला माकुळच हवा, दुसरं काही नको."

सिमला आठवत होतं. गालातल्या गालात ती हसली आणि मग तिला एकदम वाईट वाटलं, कारण सकाळी ह्याच माणसाने तिला विचारलं होतं, बाई, तुम्ही कोण? पाण्यावर आल्या आल्या तिचं चाळीस वर्षांपूर्वीचं पोटुशेपण त्याला मुखपाठ होतं.

दुपारी जेवणं वाढली. माकुळाच्या वड्या, आल्यातले शिंपले, आणि मधोमध एक भलामोठा वाफवलेला मासा. त्यांच्या टेबलावर हनोईचं एक मध्यमवयीन जोडपं होतं. नवऱ्याने वरची बाजू चापून संपवली आणि मासा उलटायला काड्या खुपसल्या. फुंगने झटकन त्याचं मनगट धरलं.

"अहो, हे काय!" बाई दचकल्या.

"उलटू नका. बोटीत बसून मासा उलटता? बोट उलटेल ना बाबा!"

"बाबा, सोडा त्यांचा हात," खिएमचे कान लाल झाले. "माफ करा हं, ते जुने कोळी आहेत."

सिमने माशाचा काटा शेपटीकडून धरला, अख्खा उचलून बाजूला ठेवला, आणि खालचं मांस त्या गृहस्थाच्या भातावर वाढलं. गृहस्थ भला होता. "अच्छा, असं खायचं असतं तर," म्हणाला आणि पुन्हा जेवू लागला. फुंग मात्र बराच वेळ बोटीच्या दोन्ही बाजूंचं पाणी तपासत राहिला.

जेवणानंतर गुहा झाली. फुंग उतरला नाही, सिमही त्याच्याजवळ बसून राहिली. मग बोट दोन कड्यांच्या मधल्या अरुंद वाटेने आत वळली आणि सिम उठून उभी राहिली. ही वाट तिने अंधारात, धुक्यात, कडेवर पोर घेऊन हजारदा वल्हवली होती. पुढे वुंग सेन होतं. त्यांचं गाव.

"आता आपण एका शांत जागी आलो आहोत," त्राम म्हणत होती. "इथे पूर्वी पाण्यावर तरंगणारं एक गाव होतं. साठ-सत्तर घरं. शाळासुद्धा होती."

इथे आता काही नव्हतं. डोंगरांच्या कोंडाळ्यात हिरवं पाणी पसरलेलं, काचेसारखं. एका कोपऱ्यात पर्यटकांना फिरवायच्या बांबूच्या होड्या बांधलेल्या. सिमने मनात धरलं होतं की आपण नवऱ्याला सांभाळायचं, आपलं काय, आपल्याला सगळं ठाऊकच आहे. पण तिची नजर आपोआप त्या कड्याकडे गेली, जिथे पांढऱ्या दगडाची उभी चीर होती. त्या चिरेसमोर तिची चूल होती. पहाटे विस्तव पेटवला की धूर सरळ त्या चिरेत शिरायचा, आणि पलीकडच्या तराफ्यावरून हेन ओरडायची, सिम, आज काय जाळतेस गं? सिमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती बाहीने पुसत राहिली, तरी थांबेना.

फुंग कठड्याशी उभा होता. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत होता, सावकाश, जणू जाळं तपासतोय. खिएम त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"बघितलंत बाबा?" तो मऊ आवाजात म्हणाला. "कुणी नाही इथे."

"नाही ना." फुंगने मान डोलावली. त्याचा चेहरा सैल झाला. "बरं झालं. वेळेवर गेले."

"कुठे गेले?"

"कुठे म्हणजे? आडोशाला! तुफान येतंय ना. सगळ्यांनी तराफे सोडले, ओढत आत नेले. एकही मागे ठेवला नाही, बघ. शहाणी माणसं." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "आपणच तेवढे मागे राहिलो. चल, चल, सांग त्या नावाड्याला."

आभाळ निळंभोर होतं. खिएमने श्वास घेतला आणि म्हणाला, "बाबा, तुफान वगैरे नाही. गाव कायमचं उठलं. आपण आता—"

सिमने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो पुढचं बोललाच नाही.

"त्यांना खरं कळावं म्हणूनच आणलं ना आपण?" तो कुजबुजला. "तूच म्हणालीस."

"म्हणाले होते. आता नाही म्हणत."

परतीच्या वाटेवर फुंगला एकच घोर लागला होता. "आज हाळी कोण देणार? शेजारचा ती विसराळू आहे, थुआत तर पिऊन पडला असेल. हाळी माझ्याकडे असते, अगं."

"द्या की मग. पोचलो की द्या," सिम म्हणाली. पण वसाहतीत पोचल्यावर काय होईल ते तिला दिसत होतं. नवरा हाळी देणार, कुणी ओ देणार नाही, आणि हा त्यांना शोधायला बंदराकडे पळत सुटणार. खिएमनेही ते ओळखलं असावं. वसाहतीच्या तोंडाशी रिक्षातून उतरताच तो एकटाच भराभर पुढे घरी गेला, बहुधा कुलूप हाताशी ठेवायला.

दिवेलागण झाली होती. गल्लीत दोन्ही बाजूंना एकसारखी घरं, एकसारखी लोखंडी फाटकं. पाण्यावर असताना एकाच्या चुलीवरचं कालवण दहा घरांना कळायचं. इथे आल्यापासून फाटकं लागली आणि आतून टीव्हीचे आवाज तेवढे येत. फुंग गल्लीच्या मधोमध थांबला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"दाटीवाटीने बांधलेत," तो समाधानाने म्हणाला. "असंच पाहिजे. एकमेकांना धरून."

मग ती नावाच्या जुन्या शेजाऱ्याच्या फाटकाकडे वळून, दोन्ही तळवे तोंडाशी नेऊन त्याने हाळी दिली. "तीचा तराफाऽऽ!"

तुफानाच्या दिवसांत तो असाच छोट्या होडीतून प्रत्येक तराफ्याजवळ जाई आणि घरधन्याचं नाव घेऊन ओरडे. वाऱ्यात माणसाचा आवाज पोचत नाही, म्हणून आतल्यांनी वल्ह्याच्या दांड्याने फळीवर दोन ठोके द्यायचे. सगळ्यांचे ठोके मिळाल्याशिवाय गावात कुणी डोळा मिटत नसे.

तीच्या घरातून टीव्हीवरच्या बाईचं गाणं ऐकू येत होतं. दुसरं काही नाही. फुंग थांबला. त्याने पुन्हा हाळी दिली, आणि या वेळी त्याचा आवाज चिरकला. "तीऽऽ! अरे आहेस का?"

सिमला वाटलं, पळत जावं आणि ते फाटक आपणच वाजवावं. ती एक पाऊल पुढे गेलीही. तेवढ्यात गाणं बंद झालं. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला, आणि मग फाटकाच्या पत्र्यावर दोन ठोके पडले. ठण्, ठण्.

"आहे," फुंग म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला. "हेनचा तराफाऽऽ!"

हेनने त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. तिने बहुधा हातातल्या डावानेच ठोकलं. पाठोपाठ तिचा आवाज आला, "आहे रे आहे, मेले नाही अजून!" समोरच्या घरातून कुणीतरी हसलं. गल्लीत खिडक्या उघडायला लागल्या. पुढच्या घरांनी तर हाळीची वाटही पाहिली नाही, नाव तोंडातून निघायच्या आत ठोके. थुआतचं घर दोन वर्षांपूर्वी एका खाणकामगाराने विकत घेतलं होतं. तो बनियनवर बाहेर आला आणि या म्हाताऱ्याकडे बघतच राहिला.

"थुआतचा तराफाऽऽ!" फुंग त्याच्या तोंडावर ओरडला.

"इथे थुआत कुणी नाही हो."

सिमने फुंगच्या पाठीमागून हात जोडले आणि बोटांनी खूण केली, दोन. त्या माणसाने तिच्याकडे पाहिलं, गल्लीतल्या इतर फाटकांकडे पाहिलं. मग मुठीने स्वतःच्याच फाटकावर दोनदा ठोकलं, दुसऱ्याच्या दारावर ठोकावं तसं भीत भीत.

शेवटचं घर त्यांचं होतं. आत अंधार होता. इतकी वर्षं फुंगच्या हाळीला त्यांच्या तराफ्यावरून ठोके तिनेच दिले होते, आणि आज ती त्याच्या मागे गल्लीत उभी होती. घरात फक्त खिएम होता. त्याला या सगळ्याची लाज वाटे. लहानपणी किनाऱ्यावरच्या शाळेत पोरं त्याला पाण्यावरचा म्हणून चिडवत, तेव्हापासून तो वुंग सेनचं नावसुद्धा काढत नसे.

"फुंगचा तराफाऽऽ!"

ठोके आले नाहीत. फुंगने मान तिरकी करून कान दिला. गल्लीतले शेजारी आपापल्या फाटकांशी उभे होते.

मग आतून ठोके आले. दोन, स्वच्छ, अंतर ठेवून, सिम द्यायची अगदी तसेच. खांबाला बांधलेल्या पोराने ते कधी ऐकून ठेवले होते कोण जाणे.

"सगळे आहेत," फुंग म्हणाला. त्याचे खांदे उतरले. काखेतल्या चपला त्याने पायरीवर ठेवल्या आणि तिथेच टेकला. सिमही शेजारी बसली. हळूहळू फाटकं लागली, आणि कुणाच्या तरी घरात मासळी तळल्याचा वास आला.

"वारा पडेपर्यंत इथंच राहू," तो म्हणाला. "पडला की घरी."

गल्लीत पान हलत नव्हतं. हेनच्या दोरीवरचं धुणं सरळ खाली लोंबत होतं. सिमने मान वर करून आभाळाकडे पाहिलं, कोळ्याची बायको पाहते तसं, नीट, दोन्ही दिशांना.

"जोर आहे हो अजून," ती म्हणाली. "आज काही पडत नाही."