रवणावरची अंडी

लतिका गजभिये लहान वर्गाची शिक्षिका झाली त्याला आठ महिने झाले होते, पण अजून तिला कायम केलेलं नव्हतं. जबलपूरच्या राइट टाउनमधल्या त्या मिशनच्या शाळेत नव्या शिक्षिकेला वर्षभर पारखून घेत आणि मगच कायमचं पत्र देत. तिचे वडील टिकाराम भंडाऱ्याहून जबलपूरला आलेले, कारखान्यात फिटर. त्यांच्या सगळ्या नात्यागोत्यात शाळेत शिकवायला लागलेली पहिली मुलगी ही.

शाळेत जागा रिकामी आहे हे घरी येऊन सांगितलं होतं पार्वताबाईनं. पार्वताबाई त्याच शाळेत आया होती आणि टिकारामांच्याच गल्लीत राहायची. अर्ज कोणाच्या हातात द्यायचा, बड्या मिसला किती वाजता भेटायचं, केसांत गजरा माळून जायचं नाही, सगळं तिनंच शिकवलं. लतिका तिला मावशी म्हणायची. सकाळी दोघी बरोबरच निघत, लतिका सायकल हातात धरून आणि पार्वताबाई तिच्या बाजूनं पायी.

बडी मिस म्हणजे मुख्याध्यापिका प्रमोदिनी साळवे. मूळच्या नगरकडच्या, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. लहान मुलाला डोळ्यांआधी हातांनी कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. होळी झाली की ईस्टरपर्यंत त्यांच्या लहान वर्गात पाटी बाजूला पडायची. मुलं ओल्या फडक्यात हरभरे बांधून मोड आणायची, मातीची घरटी करायची, पळसाची फुलं उकळून त्या पाण्यात चिंध्या रंगवायची.

एकोणसत्तर सालच्या त्या वसंतात लतिकानं आणखी एक सुचवलं. "मॅडम, वर्गात कोंबडी बसवू या. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील, ती बरोबर ईस्टरच्या आठवड्यात."

प्रमोदिनीबाईंना ते फार आवडलं. कोंबडी दिली पार्वताबाईनं, तिच्या घरची नुकतीच खुडूक झालेली कबरी. एका सोमवारी खिडकीखालच्या कोपऱ्यात भुशाच्या पेटीत अकरा अंडी ठेवून तिला उबवायला, रवणावर बसवलं. मुलांनी रंगीत पेन्सिलींनी अंड्यांवर आपापल्या खुणा केल्या.

"ध्यानात ठेवजो लते," पार्वताबाई म्हणाली, "घडीभर उठली कोंबडी तर चालते. पण अंडे उगाच हाताळू नको. माय जाणे अन् तिचे अंडे जाणे."

आठव्या दिवशी लतिकानं सामानाच्या अंधाऱ्या खोलीत एकेका मुलाला नेलं आणि पुठ्ठ्याला भोक पाडून मागून टॉर्च लावला. अंड्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या आणि मध्ये एक काळा ठिपका. तो हलत होता. अनसूया नावाची चार वर्षांची एक मुलगी होती, सहसा तोंड न उघडणारी. ती पुठ्ठ्याला नाक लावून कुजबुजली, "मिस, ये मुझे देख रहा है." ही गोष्ट प्रमोदिनीबाईंच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी लतिकाच्या पाठीवर हात ठेवला. "परवा गुरुवारी नागपूरहून मिशनची मंडळी येणार आहेत. त्यांनाही दाखव हे."

तो गुरुवार रवणाचा दहावा दिवस होता. मंडळी साडेनऊला येणार होती. नऊलाच लतिकानं कबरीला उठवून डालग्याखाली झाकलं आणि अंडी एका पत्र्याच्या थाळीत कापसावर मांडली. पाहुण्यांसमोर कोंबडीनं चोच मारली, पंख फडफडवले तर शोभा व्हायची, असा तिचा हिशेब. साडेनऊ झाले, दहा झाले, मंडळींचा पत्ता नाही. अंडी थंड पडतील म्हणून तिनं थाळी उचलून खिडकीत उन्हाला ठेवली. पार्वताबाई तेव्हा मागं चहा-समोशांच्या तयारीत होती. मुलांना स्वागताचं गाणं पुन्हा पुन्हा म्हणायला लावण्यात आणि फाटकाकडे पाहण्यात लतिकाचे दोन तास गेले. जबलपूरचं मार्चातलं ऊन. पाहुणे पावणेबाराला आले तेव्हा ती थाळी उचलायला गेली आणि तिची बोटं चटकली.

अंडी हाताला तव्यावरच्या भाकरीसारखी लागत होती. तरी तिनं एक उचललं आणि पाहुण्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं. लाल शिरा होत्या. काळा ठिपकाही होता. तो हलत नव्हता. नागपूरच्या बाई वाकून पाहत होत्या, मागं प्रमोदिनीबाई उभ्या होत्या, आणि लतिकानं स्वतःचाच आवाज ऐकला, "हे बघा, हा डोळा. आता पिसं फुटतील." नागपूरच्या बाई म्हणाल्या, "किती सुंदर!"

सगळे गेल्यावर तिनं अंडी कबरीखाली सरकवली आणि कोणाला काही बोलली नाही. एखादं तरी वाचलं असेल, असं तिनं मनाला सांगितलं. पुन्हा टॉर्च लावून पाहायचं धैर्य तिला झालं नाही. रोज सकाळी मुलं भिंतीवरच्या कागदावर एक चौकोन रंगवत आणि ओरडत, "अब सात दिन! अब छह दिन!" लतिका त्यांच्या हातात खडू देत राहिली. कबरी बिचारी निमूट बसलेली असायची. पाण्यापुरती उठायची आणि धावत परत यायची. तिच्याकडे लतिकाला बघवत नसे.

एकविसाव्या दिवशी मुलं घरून तांदळाची कणी घेऊन आली. पेटीभोवती चूप बसली. काही झालं नाही. बाविसाव्या दिवशी एका अंड्याला घाण वास सुटला. शाळा सुटल्यावर प्रमोदिनीबाई वर्गात आल्या. पेटीपाशी उभं राहून त्यांनी नाकाला रुमाल लावला.

"परवा रविवारी कोंबडीकडे कोण होतं?"

"मी होती, बाई," पार्वताबाई म्हणाली. "दाणापाणी देल्लं, पाच मिनटं फिरवली, पुन्हा बसवली."

"रविवारी तुमच्या गल्लीत लग्न होतं ना? तुम्ही दुपारीच निघून गेलात, असं चौकीदार सांगत होता."

"लग्नाले गेली, पण हे सारं करून गेली."

प्रमोदिनीबाई लतिकाकडे वळल्या. "सोमवारी सकाळी तू आधी आलीस. अंडी कशी होती?"

इथं एक वाक्य बोलायचं होतं. ते तिच्या जिभेवर बारा दिवस तयार होतं. पण तिला आठवले नागपूरच्या बाई, पाठीवरचा हात आणि मॅडमच्या टेबलाच्या खणात असलेलं, अजून सही न झालेलं पत्र.

"थंड होती, मॅडम," लतिका म्हणाली. "कोंबडी बाहेर फिरत होती."

पार्वताबाईनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. आपण नीट ऐकलं ना, असं पाहावं तसं पाहिलं.

"पार्वताबाई, उद्यापासून तुम्ही मागच्या इमारतीत झाडलोट पाहा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मुलं तीन आठवडे वाट पाहत होती. लहान वर्गात निष्काळजीपणा चालणार नाही मला."

त्या गेल्या. पार्वताबाईनं ओच्यात अंडी घेतली आणि मागच्या चिंचेखाली खड्डा खणला. लतिका का कोण जाणे तिच्या मागं गेली. पार्वताबाईनं एक अंडं दगडावर हलकंच टिचकावलं आणि तळहातावर उघडून तिच्यापुढं धरलं. आत अंगठ्याच्या पेराएवढं काहीतरी होतं. अंगावर पीस नाही, मोठे काळे डोळे फक्त.

"हे वीस दिवसांचं पिल्लू नोहे," पार्वताबाई शांतपणे म्हणाली. "याले नऊ-दहा दिवसच भेटले. रविवारच्या किती तरी आधीच गेलं हे."

लतिकानं नजर खड्ड्याकडे वळवली. पार्वताबाईनं थोडा वेळ वाट पाहिली, मग माती लोटली आणि हात धुवायला गेली. त्या दिवशी लतिका सायकलवर बसून एकटीच घरी आली.

बुधवारी ईस्टरच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मधल्या सुट्टीत पार्वताबाई बादली घेऊन अंगणातून चालली होती. नेहमीसारखा तिनं अनसूयाच्या केसांवरून हात फिरवला. अनसूयानं डोकं झटकन मागं घेतलं.

"आपने हमारे चूज़े मार दिए, पारो दादी."

कोणीतरी मोठ्या माणसानं मुलांसमोर बोललेलं असणार. बाकीची मुलंही थांबून बघायला लागली. लतिका चार पावलांवर उभी होती. पार्वताबाईनं बादली खाली ठेवली. तिनं लतिकाकडे पाहिलंही नाही.

"हाँ बेटा," ती म्हणाली. "गलती हो गई."

जमीन दुभंगावी म्हणतात, तसं लतिकाला झालं. घंटा झाली. मुलं आत गेली आणि त्यांच्या मागोमाग तीही गेली.

घरी आई दोनदा म्हणाली, "जेवत काहून नाही व?" गुरुवारी टिकाराम कामाला निघताना सहज म्हणाले, "पार्वताबाईले मागं टाकलं म्हणते शाळेत? तू बोलून पाहाय ना बाईशी. तुह्या शब्दाले मान हाय तिथं." ते खरंच अभिमानानं बोलले. लतिका चुलीपाशी पाठ करून बसून राहिली. दुपारी साडी बदलून ती प्रमोदिनीबाईंच्या बंगल्यावर गेली.

बाई संध्याकाळच्या प्रार्थनेला निघायच्या तयारीत होत्या. लतिकानं उभ्याउभ्याच सांगितलं. थाळी, ऊन, चटकलेली बोटं, न हलणारा ठिपका. नागपूरच्या बाईंना काय सांगितलं ते. सोमवारी अंडी थंड होती हे खोटं होतं, ते. सांगताना तिला वाटलं होतं, बोलून झाल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. प्रत्येक वाक्यागणिक ते आणखी वाईट ऐकू येत होतं.

प्रमोदिनीबाई खुर्चीवर बसल्या. "अंडी उन्हात ठेवलीस, ती चूक. चूक कोणाकडूनही होते. पण त्या बाईचा बळी दिलास तू." मग म्हणाल्या, "आणि मी तो घेतला. अकरा वर्षं ती माझ्याकडे आहे, आणि मी चौकीदाराच्या शब्दावर तिला वर्गाबाहेर काढलं." त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.



"मंगळवारी शाळा उघडेल," बाई म्हणाल्या. "पार्वताबाईंची माफी मी मागेन, माझी मी. तुझी तू. आणि मुलांना तूच सांगायचं. मी सांगणार नाही. कायमच्या पत्राचं या वर्षी विसर."

मंगळवारी लतिकानं मुलांना गोल बसवलं. परत वर्गावर घेतलेल्या पार्वताबाईला दारात बोलावून उभं केलेलं होतं. पदराचं टोक हातात धरून ती अवघडून उभी होती, जणू शिक्षा तिलाच होणार होती.

"बच्चो, अंडे मैंने धूप में रख दिए थे," लतिका म्हणाली. "पारो दादी ने कुछ नहीं किया. मैंने बड़ी मिस से झूठ बोला कि उन्होंने किया."

मुलं तिच्याकडे बघत राहिली. एकानं विचारलं, "बड़ी मिस ने आपको मारा?"

"नहीं."

"डाँटा?"

"हाँ."

एवढ्यानं त्यांचं समाधान झालं. दोघं मातीच्या परातीकडे सरकले. अनसूया मात्र उठली, दारापर्यंत गेली आणि पार्वताबाईच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. पार्वताबाईनं तिला कडेवर घेतलं.

लतिका तिच्यापुढं जाऊन म्हणाली, "मावशी, मला माफ करा."

"मुलांचे हात धुवायचे हायेत, मिस," पार्वताबाई म्हणाली आणि पाणी आणायला गेली. लतिकाला ती आजवर कधी मिस म्हणाली नव्हती.

शाळा सुटल्यावर लतिका फाटकाशी थांबली. पार्वताबाई बाहेर आली तशी सायकल हातात धरून तिच्या बाजूनं चालायला लागली. पार्वताबाईनं नको म्हटलं नाही. बराच रस्ता गेल्यावर तिनंच तोंड उघडलं.

"ते अंडं तुले काहून दाखवलं, माहीत आहे? बाईले दाखवलं असतं तर माह्यं वर्गातलं काम सुटलंच नसतं. म्हटलं, पोरगी आपली हाय. सोताच जाईल अन् सांगल. तिची लाज तिच्या हातात राहू दे." ती दोन पावलं चालली. "मंग बुधवार बी गेला."

दोघी चालत गल्लीपर्यंत आल्या.

घरी टिकाराम नुकतेच कामावरून आले होते, पाय धूत होते. "कायमचं पत्र भेटलं का?" त्यांनी विचारलं. लतिकानं उंबऱ्यात उभं राहूनच त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून. टिकारामांनी पाय पुसले, खुंटीवरचा धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

दाराआडून लतिकानं पाहिलं. गल्लीच्या त्या टोकाला पार्वताबाईच्या दारापुढं तिचे वडील टोपी काढून हात जोडून उभे होते. फोरमनशी बोलतानासुद्धा त्यांनी कधी टोपी काढलेली नव्हती. पार्वताबाई घाईघाईनं बाहेर आली, "अहो भाऊ, हे काय करून राहिले," म्हणत तिनं बाज ओढली. टिकाराम बसले नाहीत. तसेच उभे राहिले, आणि आजूबाजूच्या घरांतली माणसं दारांत येऊन बघायला लागली.