अकरा वाजून पाच मिनिटांची नोंद

मित्रांनो, दवाखान्याच्या जिन्याखालच्या कपाटात हिरवे दिवे मिचकावणारा जुना नेटवर्क स्विच तो मीच. इथल्या सगळ्या संगणकांच्या केबली माझ्यात येतात. कोणत्या केबलीचा संपर्क कधी तुटला, कधी जुळला, याची नोंद ठेवणे हे माझे दुसरे काम, आणि खरे सांगतो, मला त्याचाच जास्त अभिमान आहे.

पण मला बसवणाऱ्याने माझे तोंडच बांधले होते. नोंदींना शून्य ते सात क्रमांक असतात. शून्य म्हणजे हाहाकार, सात म्हणजे बारीकसारीक कुरकुर. दोनच्या पुढचे काही लिहायचे नाही, असे त्याने ठरवून टाकले. संपर्क तुटणे येते तीनमध्ये! घड्याळही त्याने लावले नाही. मी वर्षानुवर्षे मुकाट्याने धूळ खात राहिलो.

मग प्रयोगशाळेचे रिपोर्ट अडकू लागले. डॉक्टर खोळंबत, रुग्ण वैतागत. सगळे खापर इथल्या केबली टाकणाऱ्या वायरमनकाकांवर फुटले. महिनाअखेरीस त्यांना काढणार, असे दवाखान्याचा कारभार पाहणाऱ्या साहेबांनी सांगून टाकले. काका माझ्यासमोर डोके धरून बसले, तेव्हा माझा जीव तुटला. मला दिसत होते, पण लिहायची मुभा नव्हती.

काकांची भाची नेटवर्कचेच काम करते. ती आली आणि म्हणाली, "मामा, आधी याला बोलतं करूया."

तिने घड्याळ लावले, सहापर्यंतच्या नोंदी खुल्या केल्या. माझी स्मरणशक्ती तोकडी, म्हणून प्रत्येक ओळीची प्रत दुसऱ्या संगणकावर जाईल अशी सोय केली. आठवडाभर मी जीव ओतून लिहिले.

सोमवारी तिने साहेबांच्या केबिनमध्ये नोंदी वाचल्या. प्रयोगशाळेच्या केबलीचा संपर्क रोज अकरा वाजून पाच मिनिटांच्या सुमारास तुटतो आणि लगेच जुळतो. रविवारी नाही. गुरुवारीही नाही.

"गुरुवारी मी रजेवर होतो," साहेब म्हणाले आणि त्यांची नजर आपल्या खुर्चीकडे गेली.

काकांनी खुर्चीमागचा गालिचा उचलला. खालून जाणारी प्रयोगशाळेची केबल चेपलेली. काका ती भिंतीवरून नेणार होते, पण खोलीची शोभा जाते म्हणून साहेबांनीच गालिच्याखालून घ्यायला लावली होती. अकराच्या चहाला उठताना साहेब खुर्ची मागे ढकलत आणि चाक नेमके तिच्यावर चढे.

"चूक माझी होती. तुम्ही कुठे जायचं नाही," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले.

काकांनी नवी केबल ऐटीत भिंतीवरून नेली. मग फडके घेऊन माझी धूळ पुसली आणि पाठीवर थाप मारली. माझे चोवीसच्या चोवीस दिवे नाचत होते.

मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याकडे असेल, तर त्याचे घड्याळ लावा, त्याला बोलू द्या, आणि तो लिहितो ते वाचा. नवी केबल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी अकरा वाजून पाच मिनिटे झाली. मला लिहायला काहीच नव्हते, आणि बाहेर काका शीळ घालत होते.