पोटातला पांढरा ठिपका

तिरोड्याजवळच्या योगराज पटल्यांच्या छोट्या गिरणीचा उसना, म्हणजे उकडा तांदूळ बंदरावर अडकून अठरा दिवस झाले होते. कस्टमवाले म्हणत होते, यातला बराच तांदूळ कच्चा आहे, आणि कच्चा बाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशातलं एकुलतं गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंतच थांबणार होतं. ते गेलं की गिरणी बंद.

योगराजांनी तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. त्यांची पुतणी टीना कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने त्याच मालाच्या राखून ठेवलेल्या नमुन्यातले दहा दाणे मोबाइलच्या टॉर्चवर मांडले. नीट उकडलेला दाणा काचेसारखा दिसतो. चार दाण्यांच्या पोटात पांढरा ठिपका होता.

"काका, पाणी आतपर्यंत गेलंच नाही. धान भिजलं की नाही, हे कोण ठरवतं?"

"सुशिलाबाई. वीस वर्सांपासून दाणा सोलून दाढेखाली धरते. मशीन कायले पाहिजे?"

सुशिलाबाई धान भिजवायच्या हौदापाशीच होती. "तो माल भिजवला त्या हप्त्यात दाढ काढली होती ना बाई. मंग नखानंच दाबून पाहिलं."

"सांगितलं काऊन नाही?" योगराज ओरडले.

"दाढ काढाचं का आमंत्रण देतेत, भाऊ?"

योगराजांनी पत्र फाडलं, माल परत मागवला आणि गिऱ्हाइकाला फोन लावून सगळं खरं सांगितलं.

"नवा माल नीट असेल कशावरून?" पलीकडून विचारणा झाली.

योगराजांनी हौदाकडे पाहिलं. त्यात नवं धान भिजत होतं. सुशिलाबाई दुसऱ्या बाजूच्या दाढेने दाणा चावत होती, आणि टीना त्याच मुठीतला दुसरा दाणा ब्लेडने कापून बघत होती.

"आणखी दोन घंटे," सुशिलाबाई म्हणाली.

"दोनच," टीना म्हणाली.

"आता दोघी पाहून राहिल्या," योगराज फोनवर म्हणाले. गिऱ्हाइकाने पंधरा दिवस दिले.