मागचं बटण

इन्व्हर्टर बसवणं हाच माझा धंदा. जनरेटर वापरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दम देऊन सांगतो, मागचं बटण ‘नॉर्मल’वर ठेवा. ‘यूपीएस’वर राहिलं तर इन्व्हर्टर जनरेटरची कमी-जास्त होणारी वीज घेत नाही, नुसती बॅटरी संपवतो. भवानी पेठेतल्या स्वतःच्या घरात मात्र मी गाढवानं हे सांगितलंच नाही.

त्या दुपारी लाईट गेली तेव्हा मी एमआयडीसीत होतो. अव्वा, माझी आई, घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती. अप्पांनी अंगणात जनरेटर सुरू केला, तरी इन्व्हर्टर टीं-टीं करत राहिला. तिचा नुकताच डोळा लागला होता, म्हणून अप्पांनी तो आवाज बंद केला आणि जनरेटरपाशी राखण करत बसले. त्या धडधडाटात आतलं काहीच ऐकू येत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा जनरेटर चालू होता. मशीन बंद पडलं होतं. अव्वा गेली होती.

माती देऊन आल्यावर अप्पा इन्व्हर्टरसमोर उकिडवे बसले.

“जनरेटर तर चालूच होता की रे. मग माझं काय चुकलं?”

“तुमचं काही नाही, अप्पा. मीच जुनी बॅटरी घातली होती,” मी म्हणालो आणि त्यांची नजर चुकवून मागचं बटण ‘नॉर्मल’वर केलं.