पिशवीतला हात

"फाटकाबाहेर पाय टाकलास तर शोक पहिल्यापासून धरावा लागेल," अग्नेस म्हणाली. ती फाटकाला पाठ लावून, कमरेवर हात ठेवून उभी होती. "झालेले तीन महिने पाण्यात. पुन्हा सहा महिने. एवढं समजून जा."

"धरीन की. सहा काय, बारा महिने धरीन," ओनाजिते म्हणाली. "पण आता बाजूला व्हा, वन्सं. रिक्षावाला खोळंबलाय."

"माझा भाऊ मातीखाली गेला, आणि ही निघाली ठोकळे मांडायला! काळ्या कपड्यात! लोक तोंडात शेण घालतील."

"तुमच्याच भावानं शिकवलंय ते. त्याला विचारा जाऊन."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंसं झालं. अग्नेसचा चेहरा उतरला आणि ती जरा सरकली. तेवढ्या फटीतून ओनाजिते अंग चोरून बाहेर पडली.

नायजेरियातल्या वारी शहरात स्क्रॅबल, म्हणजे पटावर अक्षरांचे ठोकळे लावून शब्द करायचा खेळ, गल्लोगल्ली चालतो. ओनाजितेचा नवरा सिल्व्हेस्टर जनरेटर दुरुस्त करायचा आणि दर रविवारी झाडाखालच्या क्लबात जाऊन बसायचा. लग्नानंतर त्यानं बायकोलाही शेजारी बसवलं. ओनाजिते शाळेचे गणवेश शिवायची. इंग्रजी बेताचंच. निम्म्या शब्दांचे अर्थ तिला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नव्हते. "अर्थाचं काय करायचंय तुला?" तो म्हणायचा. "अक्षरं बघ. कुठलं अक्षर कुणाशेजारी बसायला तयार आहे ते बघ." कापडाच्या तुकड्यातून शर्ट कसा निघेल हे जिला दिसतं, तिला सात अक्षरांतून शब्दही दिसायला लागले. पुढे पुढे ती त्याला हरवू लागली. हरला की तो तणतणत उठायचा आणि चांगला चालणारा पंखा उघडून बसायचा.

ऐन पावसाळ्यात त्याच्या छातीत कळ आली आणि तो गेला. घरच्या रीतीप्रमाणे ओनाजितेचे केस कापले, काळे कपडे दिले, मागच्या खोलीत बुटका स्टूल मांडला, ताटवाटी वेगळी केली. तिनं सगळं मुकाट्यानं केलं. रडायचं तर होतंच. मग कुठल्या खोलीत रडायचं यावर भांडण कशाला? पण राज्याच्या संघाची निवड तो असतानाच सुरू झाली होती, आणि पहिल्या टप्प्यात तिचं नाव वर होतं. शेवटचा दिवस आज होता. तो दिवस सोडायला ती तयार नव्हती.

शाळेच्या हॉलमध्ये ती शिरली तशी बोलणी थांबली. सकाळचे डाव कसेबसे पार पडले. समोर बसणारे तिच्याकडे न बघता खेळत होते. एकानं तर अक्षरं काढून झाली की दर वेळी बोटं रुमालाला पुसली. तिनं बघितलं आणि त्याला हरवलं. दुपारी वीज गेली, जनरेटर दोनदा खोकून बंद पडला. मागून कुणीतरी हळहळलं, "सिल्व्हेस्टर असता तर..." पाणी प्यायच्या निमित्तानं ती बाहेर जाऊन आली.

संघातली एकच जागा उरली. त्या जागेसाठी ओनाजितेचा शेवटचा डाव होता वेलिंग्टनशी. हा तिच्याच क्लबातला, बंदरावर कारकून, वयानं बराच लहान. तो टेबलापाशी आला, पण बसला नाही.

"आंटी, रागावू नका," तो हळू आवाजात म्हणाला. "मी खेळत नाही. तुमचा विजय लिहू दे. तुम्ही संघात जा."

"का रे? पोट दुखतंय?"

त्याची नजर टेबलावरच्या हिरव्या पिशवीवर होती. अक्षरांचे ठोकळे त्यात असतात, आणि दोघांनी आळीपाळीनं हात घालून ते काढायचे असतात.

"बायकोचे दिवस भरलेत. आईनं शपथ घातलीय. ज्या पिशवीत तुमचा हात..."

ओनाजितेची कानशिलं तापली.

"तुझ्या लग्नाचा झगा कुणी शिवला, वेलिंग्टन?"

"तुम्हीच, आंटी."

"तेव्हा हा हात चालला."

ओगा क्लेमेंट, म्हणजे क्लेमेंटसाहेब, स्पर्धेचे प्रमुख होते. ते लगबगीनं आले. "तोडगा काढू. मॅडम, तुमची अक्षरं मी काढून देतो."

"माझी अक्षरं मीच काढणार."

"अहो, मग तो विजय तरी घ्या! जागा आयती चालून आलीय. सही करा आणि घरी जा. काय हा हट्ट!"

"आयती नको मला. सगळ्या घराचे शिव्याशाप घेऊन निघाले ती खेळायला. त्याला खेळायचं नसेल तर लिहा विजय. पण खाली कारणही लिहा. बाईच्या हाताला भिऊन पळाला म्हणून. मोठ्या अक्षरांत लिहा, आणि दारावर लावा."

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "वेली, बंदरावर साप मारल्याच्या बाता करतोस आणि पिशवीला घाबरतोस होय रे?" हशा पिकला. वेलिंग्टन हसला नाही. त्याला घाम फुटला होता. तो खरोखरच भ्यालाय हे ओनाजितेला दिसलं आणि तिचा आवाज खाली आला.

"हे बघ. त्याला शेवटची आंघोळ मी घातली, ह्याच हातानं. दुसऱ्या दिवसापासून मशीनवर बसले. तुमचीच माणसं मागच्या खिडकीतून गणवेश नेतात. निम्म्या वारीची पोरं माझ्या हातचा शर्ट घालून शाळेत जातात. एखादं मेलं का? सांग, मेलं का कुणी?"

त्यानं मान हलवली.

"मग बस खाली."

तो बसला. तिनं नियमाप्रमाणे पिशवी डोळ्यांच्या वर धरली, सात ठोकळे काढले आणि पिशवी त्याच्यासमोर धरली. सगळा हॉल बघत होता. वेलिंग्टननं तळवा पँटला पुसला, ओठांत काहीतरी पुटपुटला आणि मनगटापर्यंत हात आत घातला.

डाव रंगला. भीती गेल्यावर तो पोरगा नेहमीसारखा खेळायला लागला, म्हणजे लांडग्यासारखा. सुरुवातीला तो बराच पुढे होता. शेवटाकडे ओनाजितेच्या हाताला आलं ते असं: ओ, एस, टी, आय, ए, टी, ई. पटाच्या अगदी खालच्या ओळीत एक बी होता, आणि तीन घरं सोडून एक एन. तिनं दोन्हींकडे पाहिलं, डोळे मिटले. मग सातही ठोकळे त्या दोन अक्षरांच्या आजूबाजूला एकेक करून बसवले. ऑब्स्टिनेट.

"म्हणजे हट्टी," ओगा क्लेमेंट स्वतःशीच म्हणाले.

"हा शब्द मला माहीत आहे," ती म्हणाली. "घरी रोज ऐकते."

आता ती पुढे होती. पण शब्दाच्या पुढे दोन घरं मोकळी होती, आणि त्यांतलं दुसरं घर म्हणजे कोपऱ्यातलं तांबडं. तिथं पोचणाऱ्या शब्दाचे गुण तिप्पट होतात. हे तिला शब्द लावतानाच दिसलं होतं. एकच वाय बाहेर यायचा राहिला होता. तो पिशवीत असेल नाहीतर त्याच्यापाशी. मागे राहून जपून खेळण्यापेक्षा तिनं हे पत्करलं होतं.

वाय त्याच्यापाशी होता. वेलिंग्टननं बराच वेळ पटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तिच्याच शब्दाला एल आणि वाय असं शेपूट लावलं. ऑब्स्टिनेटली. हट्टानं.

उरलेल्या ठोकळ्यांत तो फरक भरून निघण्यासारखा नव्हता. थोडक्यात ती हरली.

"आंटी, मी..."

"गप. चांगला खेळलास. तसं नसतास खेळलास तर मी तुला इथंच मारलं असतं." तिनं हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आणि लगेच सोडला नाही.

घरी आली तेव्हा अग्नेस ओट्यावरच बसली होती.

"जिंकलीस?"

"हरले."

"म्हणजे शोक मोडला आणि संघही गेला. मिळवलंस काय मग?"

"खेळले." ओनाजिते पायरीवर बसली आणि तिनं सगळं सांगितलं, पिशवीचं, आयत्या जागेचं, कोपऱ्यातल्या घराचं.

"फुकट मिळत होतं आणि घेतलं नाहीस?"

"नाही."

"माझी टोमॅटोची जागा होती बाजारात," अग्नेस म्हणाली. "ऐन नाक्यावर. आमचे हे गेल्यावर तेव्हाच्या रीतीनं वर्षभर मी खोलीत. बाहेर आले तर जागेवर दुसरीच बसलेली. कुणाला काही बोलले नाही."

"बाहेर पडायचं होतं तुम्ही, वन्सं."

"पडता येतं हे कुठं माहीत होतं मला?" तिनं कमरेला गुंडाळलेल्या लुंगीच्या टोकानं नाक पुसलं आणि आवाज पुन्हा करडा केला. "पण शोक पहिल्यापासून, हे पक्कं. थोरले ऐकायचे नाहीत."

"धरते. पण मागच्या खोलीत नाही. मशीन उद्या ओट्यावर आणणार आहे."



ओनाजितेनं दुसरा काळा झगा घातला आणि घामेजलेला नळाखाली धुतला. विधवेचे कपडे घरामागे, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायचे असतात. तो पिळलेला झगा घेऊन ती पुढच्या अंगणात आली. रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर अग्नेसच्या रंगीत लुंग्या वाळत होत्या. ओनाजिते क्षणभर थांबली. अग्नेस ओट्यावरून उठली, खाली आली आणि आपल्या लुंग्या दोरीवर एका बाजूला सरकवू लागली.